ट्विन-टिप स्की : निवडीचे निकष

ज्या स्कीची पुढची व मागची अशी दोन्ही टोके वर वळलेली असतात, तिला ‘ट्विन-टिप’ म्हणतात. साध्या स्कीचे मागचे टोक जवळजवळ सपाट असल्याने पाठमोरे घसरताना ते बर्फात रुतते. ट्विन-टिपवर मात्र उडी घेऊन पाठमोरे उतरता येते.

अशी स्की १९७०च्या दशकातही निघाली होती. तिचा खरा प्रसार १९९०च्या दशकाच्या अखेरीस झाला. उंचवट्यांच्या बर्फावरील ‘मोगल’ स्पर्धांच्या जाचक नियमांना कंटाळलेल्या माइक डग्लस, जे. पी. ओक्लेर आदी कॅनडाच्या स्कीपटूंच्या पुढाकारातून सॅलोमन कंपनीची ‘टेनएटी’ ही स्की साकारली. २०१४च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लोपस्टाइल या प्रकाराचा समावेश झाला आणि या खेळाला प्रतिष्ठा लाभली.

खेळकरपणा आणि त्याची किंमत

संपूर्ण डोंगरावर चालणारी खेळकर स्की लवचिक, हलकी व सहज गिरकी घेणारी असते. हेच गुण वेगात उणे ठरतात. कडक, खडबडीत बर्फावर ती थरथरते, तर ताठ व जड स्की स्थिर राहते. दोन्ही गुण एकाच स्कीत पूर्णत्वाने मिळत नाहीत. म्हणून आपले बहुतेक दिवस कोणत्या बर्फावर जातात, हा पहिला प्रश्न होय.

रुंदी : पायाखालची रुंदी म्हणजे स्कीची ‘कंबर’. यंत्राने दाबलेल्या उतारांसाठी साधारण ८५ ते ९५ मि.मी., तर भुसभुशीत बर्फही वारंवार लाभत असेल तर ९५ ते १०५ मि.मी. कंबर योग्य. गुलमर्गच्या अफरवट शिखराखालील न दाबलेल्या उतारांवर रुंद स्की तरंगते. कडक बर्फावर मात्र तीच एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यास वेळ घेते.

बाक : पायाखाली किंचित उचललेला ‘कॅम्बर’ कडेला पकड देतो. टोकांकडील ‘रॉकर’ स्की वळवणे सोपे करतो. दोहोंचा मेळ असलेली स्की बहुतेकांना मानवते.

लांबी : नवशिक्याने हनुवटी ते नाक, तर अनुभवी व्यक्तीने डोक्याच्या उंचीपर्यंतची स्की पाहावी. रॉकर जास्त असल्यास बर्फाला टेकणारी कड आखूड होते. तेव्हा थोडी अधिक लांबी चालते.

बाइंडिंगची जागा : बूट अडकवणारे बाइंडिंग मध्याजवळ बसवल्यास गिरक्या व पाठमोरे घसरणे सुलभ होते; पण खोल बर्फात पुढचे टोक बुडू लागते. सर्वत्र वापरायची स्की असल्यास निर्मात्याने सुचवलेल्या खुणेपासून फार दूर जाऊ नये. बाइंडिंगचे ब्रेक कंबरेपेक्षा किंचित रुंद हवेत.

सुरक्षितता

पडल्यावर बूट सुटला नाही तर पायाचे हाड मोडू शकते. अवेळी सुटला तर तोल जातो. सुटण्याचे मूल्य वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व कौशल्य यांवरून ठरते. ते प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावे. मित्राचा आकडा आपल्याला लागू पडत नाही. गुडघ्याच्या सर्वच दुखापती बाइंडिंगने टळत नाहीत, याचेही भान ठेवावे.

खरेदीपूर्वी दोन-तीन प्रकारच्या स्की भाड्याने घेऊन एकाच उतारावर वापरून पाहाव्यात. निष्णात खेळाडूची स्की नव्हे, तर आपल्या आजच्या कौशल्याला साजेशी स्कीच अधिक आनंद देते.