चिखल्या, कैदी आणि संमती : होम्सबर्ग तुरुंगातील त्वचाप्रयोगांचा इतिहास

प्रस्तावना :
पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणारा बुरशीजन्य संसर्ग, म्हणजेच चिखल्या, हा किरकोळ विकार मानला जातो. तथापि, नव्या उपचारांची चाचणी कोणावर व कोणत्या अटींवर करावी, हा विसाव्या शतकातील गंभीर प्रश्न याच विकाराच्या निमित्ताने उभा राहिला. त्याचा संक्षिप्त परामर्श येथे घेतला आहे.

चाचणीचे दोन मार्ग :
ग्रिझिओफल्विन हे द्रव्य १९३९ साली पेनिसिलियम कुळातील बुरशीपासून वेगळे करण्यात आले. १९५८ मध्ये ग्लासगो येथे जेम्स जेंटल्स यांनी ते गिनीपिगांना तोंडावाटे दिले असता नायटा बरा झाला. त्याच वर्षी ते रुग्णांनाही देण्यात आले. प्रथम प्राणी, मग उपचाराची गरज असलेला रुग्ण, असा हा क्रम होता.

फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात वेगळेच घडले. १९५१ च्या सुमारास तेथे चिखल्यांची साथ आली, तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांना पाचारण करण्यात आले. चिखल्या घाम, पादत्राणे व स्वच्छता यांवर अवलंबून असतात. मुक्त समाजात या बाबींवर नियंत्रण ठेवणे अवघड, तर तुरुंगात ते आपोआप लाभते. रोग्यांवर उपचार करण्यासाठी आलेल्या संशोधकाला तेथे प्रयोगासाठी माणसे मिळाली. पुढे १९७४ पर्यंत सौंदर्यप्रसाधनांपासून डायॉक्सिनसारख्या विषारी द्रव्यापर्यंत अनेक पदार्थ कैद्यांच्या त्वचेवर तपासले गेले. कैद्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. अनेकांचा खटलाही चाललेला नव्हता. मोबदल्याचे चार डॉलर जामिनाच्या रकमेसाठी उपयोगी पडत. अशा स्थितीत दिलेल्या संमतीस ‘स्वेच्छा’ म्हणावे काय? १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेने स्वेच्छासंमती अनिवार्य मानली असतानाही हे घडले.

परिणाम :
१९७८ मध्ये अमेरिकेच्या संघीय नियमांनी कैद्यांवरील संशोधनावर कडक मर्यादा घातल्या. माजी कैद्यांनी २००० साली दाखल केलेला दावा मुदतबाह्य ठरला. विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ मध्ये, तर फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये क्षमा मागितली; तोवर अनेक पीडित हयात नव्हते.

समारोप :
विकार किरकोळ असला की प्रयोगही निरुपद्रवी वाटू लागतो आणि संमतीविषयीची दक्षता तेथेच शिथिल होते. चाचणीची नैतिकता रोगाच्या गांभीर्यावरून नव्हे, तर नकार देण्याच्या माणसाच्या खऱ्या स्वातंत्र्यावरून ठरवावी, हाच होम्सबर्गच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.