लग्नचौक : वारली भित्तिचित्राचे स्वरूप व स्थित्यंतर

डहाणू, तलासरी व जव्हार हा सह्याद्रीच्या पायथ्याचा टापू पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. २०१४ साली तो नव्या पालघर जिल्ह्यात गेला. येथील वारली घराची भिंत कारवीच्या काड्यांची, माती व शेणाने लिंपलेली असते. लग्नप्रसंगी तिच्यावर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहिला जातो. टोक ठेचलेली बांबूची काडी हीच येथील कुंचली होय.

या चित्रास केवळ गृहशोभेचे साधन मानणे युक्त नाही. चौकाच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवता असते. चौक लिहिण्याचा अधिकार परंपरेने सुवासिनींचा असून, विवाहविधी चालविणारी धवलेरी हीदेखील स्त्रीच असते. चौकावाचून विवाह सिद्धीस जात नाही. म्हणजे हे चित्र विधीचे अंग आहे. विधी संपला की ते जतन करण्याचे प्रयोजन उरत नाही.

यातूनच इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. मातीची भिंत पुनःपुन्हा लिंपली जाते. तिच्यावरील जुना चौक त्याखाली लोपतो. प्रागैतिहासिक गुहाचित्रांशी असलेल्या साम्यावरून ही कला सहस्रावधी वर्षांची असल्याचे वारंवार सांगितले जाते. परंतु आकृतींचे साम्य हा अखंड परंपरेचा पुरावा नव्हे.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर उतरू लागली. जिव्या सोमा म्हसे यांनी त्यांना स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. कागदावर देवतेच्या चौकापेक्षा तारपानृत्य, शेती व शिकार यांना प्राधान्य आले आणि पुरुष चित्रकार पुढे आले. कागदाने उपजीविका दिली, तसेच टिकाऊपणाही दिला. म्हणून या बदलास निव्वळ ऱ्हास म्हणता येणार नाही. तथापि कागदावर चित्रकाराची स्वाक्षरी आली. भिंतीवर ती कधीच नव्हती. ज्या स्त्रियांनी ही चित्रभाषा पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्या त्यामुळे अनामिकच राहिल्या.

यास्तव चौक आणि कागदावरील चित्र यांची नोंद एकाच सदराखाली करणे इष्ट नाही. चौकाची नोंद करताना तो लिहिणारीचे नाव, विवाहाचा प्रसंग व धवलेरीचे गीत ही तिन्ही एकत्र टिपली पाहिजेत. अन्यथा आकृती तेवढी हाती राहील आणि तिचा अर्थ निसटेल.