पेटी कोण फिरवतं?

नाशिकला गेलो की गंगापूर रोडला आत्याकडे चक्कर होतेच. मागच्या शनिवारी गेलो तर हॉलमध्ये पुस्तकांची ही मोठ्ठी पेटी!

"आत्या, एवढी पुस्तकं कधी घेतलीस?"

"घेतली कुठे रे? शेजारच्या काकूंची पेटी आहे. काही महिन्यांनी जाईल."

तर मंडळी, ही 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली नाशकात सुरू केलेली योजना, सूत्रधार विनायक रानडे. एका पेटीत १०० पुस्तकं, एक समन्वयक, भोवती वाचकांचा गट. ठरलेली मुदत संपली की गट आपसांत पेट्या बदलतात. असं करत पेट्या पार दुबईपर्यंत पोचल्या.

आता थोडा इतिहास. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथे वाचकाने पुस्तकाकडे जायचं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी (जन्म आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचा, १८६३) १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल आणला आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. पण कारभार सगळा बडोद्यातून. आमच्या भाषेत, सेंट्रल सर्व्हर! नाशिकच्या पेट्या मात्र गटागटांत फिरतात.

वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतील असं 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' हे प्रमाण २०१८ मध्ये अधिकृत झालं, तेव्हा मी भलताच खूश होतो. कुणा एका कंपनीची मालकी नाही, वा! अशा एका ठिकाणी खातंही उघडलं. पण दोन आठवडे नुसता शुकशुकाट. चांगलं लिहिणारे असतील कुठेतरी, पण मला दाखवणार कोण?

तेच मी आत्याला विचारलं. काय वाचायचं हे कळतं कसं?

"शंभरात काय शोधायचंय? आणि काकू सांगतात ना. म्हणाल्या, तुम्हाला आवडेलच असं नाही, पण न्या."

कादंबऱ्यांपलीकडे न जाणारी आमची आत्या मधमाश्यांवरचं पुस्तक वाचत होती! आवडीसारखंच पुढे वाढून ठेवणाऱ्या कुठल्याही अल्गोरिदमने तिला ते दिलं नसतं.

पण गोम इथेच आहे. काकू पुढच्या महिन्यात लेकीकडे पुण्याला चालल्यात, कायमच्या. पेटी सांभाळायला अजून कुणी तयार नाही. म्हणजे केंद्र नाही म्हणून काम संपत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर येतं. तो माणूस थकला की तेवढा गट गपगार.

"तू घे ना," मी म्हणालो. "नोंदींसाठी एक्सेल शीट करून देतो."

"शीटचं काय घेऊन बसलास? वही आहे. लोकांना फोन करून पुस्तकं परत मागायची, ते कोण करणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. असो. निघताना बघितलं, तर बाईसाहेब काकूंच्या वहीतले नंबर उतरवून घेत होत्या.