इटलीची बाटली, कुंभार्ली घाट आणि मुरण्याची किंमत

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. एसटीत रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी खास.

आजची गोष्ट कोयनानगरची आहे, आणि इटलीचीही. दचकू नका, सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मी कोयनानगरला होतो. माझे आजोबा धरणाच्या कामावर होते, त्यामुळे या गावाशी आमचं जुनं नातं. इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एकदा लागला की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. तासगाव तालुक्यातले माझे मामा दोन दिवस राहायला आले होते. मामांची द्राक्षबाग आहे, पण ते द्राक्षं विकत नाहीत, बेदाणा करतात. आणि त्याच संध्याकाळी चिपळूणहून माझा मित्र आला. तो बोटीवर काम करतो, सुट्टीवर घरी आलेला. कुंभार्ली घाट चढून, रेनकोटातून पाणी निथळत, त्यानं पिशवीतून एक बाटली काढली. "इटलीची आहे. जुनी. सावकाश प्यायची."

इटलीची वाइन, कोकणातून घाट चढून देशावर. मी हसलो. कारण ही गोष्ट दोन हजार वर्षं जुनी आहे.

साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण माणूस पक्का धंदेवाला. कुठल्या बंदरात काय खपतं याची त्यानं यादीच दिली आहे. भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात पहिलं नाव वाइनचं आहे. त्यातही इटलीच्या वाइनला जास्त मागणी, मग सीरियाकडची लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी वेगळी, उंची वाइन. बदल्यात इथून काय जायचं? पैठणहून मौल्यवान दगड, तेरहून कापड.

आता म्हणाल, पुस्तकात लिहिलंय ते ठीक, पुरावा काय? पुरावा नेवाशाला आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात डेक्कन कॉलेजनं १९५० च्या दशकात उत्खनन केलं. तिथं अँफोराचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मातीचा रांजण. साधारण २५ लिटर वाइन मावणारा, आतून राळेचा लेप दिलेला. नंतर या तुकड्यांची माती तपासली, तर तिच्यात ज्वालामुखीची काळी वाळू निघाली. ही वाळू इटलीत नेपल्सच्या उपसागराजवळची, म्हणजे व्हेसुव्हियसच्या परिसरातली!

एक सावधगिरी मात्र हवी. जमिनीतून निघालेला प्रत्येक जाड तुकडा रोमन नसतो. आधी रोमन म्हणून नोंदवलेले भारतातले बरेच तुकडे पुढे इराणच्या आखाताकडच्या रांजणांचे ठरले. व्हॉट्सअॅपवर 'आपल्या गावात रोमन आले होते' असा मेसेज आला, तर आधी माती विचारायची.

आपल्या भागाजवळचं उदाहरण कोल्हापूरचं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती, आणि वाइन ओतायचा एक जग. हा जग इटलीतल्या कॅम्पानिया भागात घडवलेला असावा, असं अभ्यासक सांगतात. समुद्र सोडून, सह्याद्री ओलांडून तो पंचगंगेपर्यंत आला. कुठल्या घाटानं, ते जग सांगत नाही. पण चिपळूण, कुंभार्ली, पाटण, कऱ्हाड ही कोकण आणि देश जोडणारी जुनी वाट. माझा मित्र त्याच वाटेनं आला होता, फक्त बैलांऐवजी बाईकवर.

त्या काळी रोमन लोकांची सगळ्यात नावाजलेली वाइन होती फालेर्नियन. कॅम्पानियाच्या उत्तर टोकाच्या डोंगरउतारावरची. ती बहुधा पांढरी होती आणि मुरता मुरता मधाच्या रंगाची व्हायची. ती दहा वर्षांनी पिण्यासारखी होते आणि पंधरा ते वीस वर्षांची सगळ्यात चांगली, असं तेव्हाचे जाणकार सांगत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं इसवी सनपूर्व १२१ च्या प्रसिद्ध हंगामाबद्दल लिहिलंय. जवळजवळ दोनशे वर्षांनी ती वाइन मधासारखी घट्ट झाली होती आणि दुसऱ्या वाइनला चव आणायला थेंब-थेंब वापरत.

चला, परत कोयनानगरच्या खोलीत. मित्राच्या बाटलीवर नाव होतं 'व्हिन सांतो'. ही टस्कनीची जुन्या पद्धतीची पांढरी वाइन. ट्रेब्बियानो आणि मालव्हाझिया जातीची द्राक्षं तोडतात, पण लगेच गाळत नाहीत. चटईवर पसरून नाहीतर आकड्यांना टांगून महिनोन् महिने सुकवतात. हिवाळ्यात ती सुरकुतली की गाळतात. तो दाट रस छोट्या लाकडी पिंपांत भरतात आणि पिंपं बंद करून माळ्यावर ठेवतात. तळघरात नाही, कौलांखालच्या माळ्यावर! उन्हाळ्यात माळा तापतो, रस आंबत राहतो. थंडीत गारठतो, सगळं थांबतं. पुन्हा उन्हाळा, पुन्हा सुरू. निदान तीन वर्षं, कुठं कुठं दहा. तोवर बराचसा रस लाकडातून उडून गेलेला असतो.

मित्रानं छोट्या ग्लासात दोन बोटं ओतली. पांढरी म्हणायची, पण रंग काकवीचा. वास घेतला. सुकामेवा, संत्र्याची साल, जुन्या लाकडी कपाटाचा वास. पहिला घोट गोड लागला, मग मागून आंबटपणा आला आणि शेवटी अक्रोडाच्या सालीसारखा कडवटपणा जिभेवर बराच वेळ राहिला. मुरलेला मुरांबा आठवा, पण गोडाचा चिकटपणा वजा करून.

मामा माळकरी. ते पिणार नव्हतेच. पण ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला आणि थांबले.

"आरं, ह्यो तर आपल्या शेडचा वास हाय."

बेदाण्याची शेड! खरंच की. मामाही द्राक्षं तोडून सुकवतातच. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. मी उत्साहात म्हटलं, "मामा, अर्धं काम तुम्ही करताच की! पुढं पिंपात भरून दहा वर्षं ठेवलं, तर?"

मामा हसले. "धा वर्सं? आन् तवर सोसायटीचं व्याज कोण भरनार, तू?"

मी गप्प झालो. मामांनाही थांबणं माहीत आहे. भाव पडला की बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतात, त्यावर तारण कर्ज काढतात, सौद्यात दर चढायची वाट बघतात. पण त्या थांबण्यात माल मुरत नाही, व्याज मुरतं. एका वर्षी एका व्यापाऱ्यानं त्यांचे पैसे बुडवले, ते आजतागायत आले नाहीत.

आणि टस्कनीतही माळ्यावर पिंपं ठेवणारा आणि द्राक्षं पिकवणारा नेहमी एकच नव्हता. तिथं शतकानुशतकं निम्म्या वाट्यानं शेती चालायची. कष्ट कुळाचे, जमीन मालकाची. असे नवे करार करायला इटलीत कायद्यानं बंदी आली ती १९६४ साली. फालेर्नियनच्या मळ्यांत तर गुलाम राबायचे.

आपल्याकडेही २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षांपासून वाइन करण्यासाठी धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथं वाइन पार्क ठरले. नाशिकचं नाव झालं. पलूसचं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मामांच्या गावापासून ते लांब नाही.

म्हणून मला वाटतं, जुन्या वाइनची चव म्हणजे नुसती द्राक्षाची, लाकडाची चव नव्हे. कुणाला तरी दहा वर्षं थांबणं परवडलं, त्याची ती चव. ज्याला मार्चअखेर हप्ता भरायचाय, त्याची द्राक्षं कितीही गोड असोत, त्यांना मुरायला सवड मिळत नाही. कसब मामांकडे आहे, सवड नाही.

बाटली संपली नाही. मामांनी निघताना बूच नीट लावून ती फळीवर ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घाई नगं."

तुमच्या घरी काय मुरत ठेवलंय, लोणचं, मुरांबा, की एखादं कर्ज? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि घाटात गाडी हळू चालवा!