झांशीचा अर्ज आणि परकी लेखणी

महत्त्वाचा अर्ज पैसे देऊन जाणत्याकडून लिहून घेण्याची चाल आपण आजची समजतो. १८५४ साली झांशीच्या राणीसाहेबांनी तेच केले. त्यांनी आग्र्याहून जॉन लँग यास बोलाविले. हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला बॅरिस्टर, कादंबरीकार आणि ‘मफसिलाइट’ पत्राचा संपादक. १८५१ साली जोतीप्रसाद या कंत्राटदाराची बाजू कंपनी सरकारविरुद्ध लढवून त्याने खटला जिंकला होता, तेव्हा निवड काही वेडीवाकडी नव्हती.

आमंत्रण फारशीत, सोनेरी कागदावर गेले. प्रवासात थंड पेयांसाठी बर्फाची बादली घेऊन एक चाकर! भेट पडद्याआडून झाली. बाल दामोदररावांनी पडदा सारल्याने लँगला राणीसाहेब क्षणभर दिसल्या.

पण मुद्दा असा की, १८१७ च्या तहात झांशीच्या वारसांचा हक्क मान्य झाला होता, आणि हा आधार राणीसाहेबांच्या दरबारी खलित्यांत लँग येण्यापूर्वीच आला होता. डलहौसीने निर्णय केला २७ फेब्रुवारी १८५४ रोजी. लँग पोहोचला त्यानंतर. निकाल लिहून झाल्यावर वकिलाने लिहावे तरी काय? उत्तर येईतो निषेध नोंदवून तनखा घ्यावा, असे त्याने सुचविले. ते राणीसाहेबांस रुचले नाही. अर्ज फेटाळला गेला. आम्हांस लँगला दोष देववत नाही.

त्याने १८५९ साली प्रवासवर्णन छापले. राणीसाहेबांच्या रूपाचे नि आवाजाचे डोळ्यांदेखतचे वर्णन आज आपणांस मिळते, ते त्यात. पुढे १८६४ साली तो मसुरीस वारला. थडगे तेथेच आहे.