ओव्हिले : शॅम्पेनच्या दंतकथेचे गाव

फ्रान्सच्या ईशान्येकडील शॅम्पेन प्रांतात, मार्न नदीच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या उतारावर ओव्हिले हे लहानसे गाव वसले आहे. लोकवस्ती हजाराच्याही आत, चहूबाजूंना द्राक्षमळे. जगभर समारंभात उघडल्या जाणाऱ्या शॅम्पेनचे जन्मस्थान अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती कितपत खरी, हा प्रश्न मात्र गावाच्या इतिहासाइतकाच रंजक आहे.

मठाचा वारसा

रॅन्सचे बिशप संत निव्हार यांनी सुमारे इ. स. ६५० मध्ये येथे बेनेडिक्टाइन मठ स्थापन केला. नवव्या शतकात येथे तयार झालेली 'एबो गॉस्पेल्स' ही सचित्र हस्तलिखित पोथी आज जवळच्या एपर्ने शहरातील ग्रंथालयात जतन केलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ बंद पडला. चर्च मात्र उभे आहे.

पेरिन्याँ आणि बुडबुडे

दाँ पेरिन्याँ १६६८ मध्ये मठाचे कोठारप्रमुख झाले. १७१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. त्यांची समाधी याच चर्चमध्ये आहे. फेसाळत्या मद्याचा शोध त्यांनी लावला, असे सांगितले जाते. पुरावे तसे सांगत नाहीत. थंडीत थांबलेले आंबणे वसंतात बाटलीतच पुन्हा सुरू होई आणि वायूच्या दाबाने बाटल्या फुटत. त्या काळी येथे हा दोषच मानला जाई. शिवाय मद्यात साखर घालून फेस आणण्याची इंग्लंडमधील पद्धत क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच, म्हणजे पेरिन्याँ ओव्हिलेत येण्यापूर्वी, नोंदवली होती. शोधाचे श्रेय पेरिन्याँ यांना देणारी कथा मठातील माजी भिक्षू दाँ ग्रोसार यांच्या १८२१ च्या पत्रातून रूढ झाली. पुढे मद्य व्यापाऱ्यांनी ती उचलून धरली.

पेरिन्याँ यांचे खरे कार्य वेगळेच होते. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचे कुशल मिश्रण आणि काळ्या द्राक्षांपासून स्वच्छ पांढरे मद्य काढण्याची कला त्यांनी परिपूर्णतेकडे नेली. शॅम्पेनचा दर्जा आजही या दोन गोष्टींवरच उभा आहे.

मान्यता

युनेस्कोने २०१५ मध्ये शॅम्पेनचे उतार, मद्यगृहे आणि तळघरे यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. ओव्हिलेचे मळे त्यात समाविष्ट आहेत. मठाची वास्तू आणि 'दाँ पेरिन्याँ' हे मद्यनाम ज्या मोएत समूहाकडे आहे, त्याच समूहाने २०१३ मध्ये नाशिकच्या द्राक्षांपासून 'शाँदाँ' हे फेसाळते मद्य भारतात आणले. त्यावर 'शॅम्पेन' असे लिहिता येत नाही. तो मान केवळ त्या प्रांताच्या मातीचा आहे.