सिंबियनहून अँड्रॉइडकडे : निष्ठेचा एक अल्प इतिहास

वर्षानुवर्षे एकाच प्रणालीचा स्मार्टफोन वापरणारा मनुष्य दुसऱ्या प्रणालीकडे वळतो, तेव्हा त्याने 'निष्ठा बदलली' असे म्हटले जाते. पक्ष आणि पंथ यांच्यासाठी राखून ठेवलेला हा शब्द एका यंत्राच्या खरेदीला लावला जावा, याची प्रथमदर्शनी गंमत वाटते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास चाळला, तर ही निष्ठा नेमकी कशावर होती, असा प्रश्न उभा राहतो. आम्हांला असे वाटते, की निघून जाण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, तिलाच आपण निष्ठा हे सभ्य नाव दिले. आणि ही किंमत केवळ पैशांत नव्हे, तर मजकुरात मोजली गेली.

सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून 1998 साली सिंबियन ही कंपनी स्थापन केली. 2007 साली जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांपैकी निम्म्याहून अधिक फोन तिच्याच प्रणालीवर चालत होते. आपल्याकडे 6600, एन70, एन73 हे नुसते आकडे उच्चारले, तरी ऐकणाऱ्याला कंपनीचे नाव सांगावे लागत नसे. त्याच 2007 च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला आला, नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. 11 फेब्रुवारी 2011 रोजी नोकियाने मायक्रोसॉफ्टशी करार करून विंडोज फोनचा मार्ग धरला. म्हणजे ज्यांना आपण निष्ठावंत म्हणतो, ते जागेवरच होते. उठून गेले ते देवळातले दैवत. 2012 चा 808 प्युअरव्ह्यू हा नोकियाचा अखेरचा सिंबियन फोन ठरला. पुढे विंडोज फोनही लयाला गेला. या घडामोडींत अनेकांनी 'अँड्रॉइड निवडला' असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्यापुढे तोच उरला असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. उत्तर त्या काळच्या एसएमएसमध्ये आहे. रोमन लिपीतला एक संदेश 160 अक्षरांचा असे. देवनागरीत हीच मर्यादा 70 वर येई. शिवाय काना, वेलांटी, हलन्त यांची गणना स्वतंत्र. 'प्रकृती' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो सात चिन्हांचा आहे. मर्यादा ओलांडली की दुसऱ्या संदेशाचे पैसे पडत. साहजिकच एका पिढीने आपली मराठी रोमन लिपीत, स्वर गाळून, शब्द तोडून लिहिली. त्या लेखनाला आम्ही तेव्हा भाषेची दुर्दशा म्हणून नाके मुरडली. आज वाटते, की तो मराठी गद्याचा एक स्वतंत्र टप्पा होता. त्याचे शुद्धलेखन कोणी ठरवले नव्हते, तरी ते सर्वांना वाचता येत होते. या टप्प्याचा अभ्यास करायचा म्हटले, तर साधनेच हाती नाहीत.

फोन बदलताना नावे आणि क्रमांक सिमकार्डावरून नव्या यंत्रात जात. संदेश मात्र बहुधा जुन्या यंत्राच्या पोटात राहत. आमच्यापैकी एकीच्या कपाटात असा एक फोन आहे. प्रबंधाच्या काळात मार्गदर्शकांनी पाठवलेले, प्रकरणागणिक शंका काढणारे शेकडो संदेश त्यात आहेत. मार्गदर्शक आज हयात नाहीत आणि फोन सुरू होत नाही. पुढे संभाषण व्हॉट्सअ‍ॅपवर गेले, तरी प्रश्न सुटला नाही. सिंबियनवरील व्हॉट्सअ‍ॅप 30 जून 2017 नंतर थांबले. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात संभाषणे नेण्याची अधिकृत सोय 2021 आणि 2022 या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने आली. तोवर सीमा ओलांडणारा वाचक-लेखक बहुतेक वेळा रिकाम्या हातांनीच पलीकडे जात होता.

येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर क्रमांक न बदलता सेवा कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. क्रमांक आपला आहे, हे राज्याने मान्य केले. मजकुराबाबत मात्र तसे झाले नाही. न्या. श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. 2023 च्या कायद्यात तो उरला नाही. युरोपीय संघात असा हक्क 2018 पासून लागू आहे.

एक व्यवस्था सोडून दुसरीकडे जाणे मराठीला नवे नाही. शतकानुशतके मोडीत चाललेला आपला कारभार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळबोधीकडे आला. मोडी वाचणारे विरळ झाले. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल जागच्या जागी राहिले. लिपी शिकून घेणारा कोणीही आज ते सोडवू शकतो. तिथे वाचक हरवला, कागद नव्हे. इथे वाचक हयात आहे, त्याला लिपीही येते. कागद तेवढा गेला. लेखनपद्धती बदलल्यामुळे होणारी हानी आणि लेखनाचे आश्रयस्थान बदलल्यामुळे होणारी हानी यांतला हा फरक आपल्या साहित्येतिहासाने अद्याप पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

वाङ्मयाच्या इतिहासात पत्रव्यवहाराला आपण मानाचे स्थान देतो, संपादित खंड अभ्यासक्रमात लावतो. 2000 ते 2015 या काळातील लेखकांच्या पत्रव्यवहाराचा खंड उद्या कोणी संपादित करू म्हणेल, तेव्हा त्याच्यापुढे काय ठेवणार? नवा फोन घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली एवढेच सांगतो, की कोणती प्रणाली घ्यावी यावर हवा तेवढा वाद घाला, पण त्याआधी जुन्या फोनमधले जपण्यासारखे चार संदेश वहीत उतरवून काढा. तारखेसह, आणि मूळ स्पेलिंग न सुधारता.